पोर्तुगालच्या राजानं वसई गमावली आणि गरम पाण्याचं गाव गाठलं. आपल्याकडे मात्र त्याच विजयातून वज्रेश्वरीचं मंदिर उभं राहिलं

गरम पाण्याचे झरे म्हटलं की मुंबई-ठाण्याकडच्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते वज्रेश्वरीचं. देवीचं दर्शन, कुंडात अंघोळ आणि संध्याकाळी घरी परत, असा हा ठरलेला कार्यक्रम. पण या झऱ्यांच्या गावाचा एक धागा थेट पोर्तुगालमधल्या अशाच एका गावापर्यंत जातो, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

राणीचं गरम पाण्याचं गाव

पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या उत्तरेला काल्दास दा राइन्या नावाचं शहर आहे. नावाचा अर्थच 'राणीचे गरम झरे'. राणी लिओनोर प्रवासात असताना तिला काही गरीब लोक वास येणाऱ्या पाण्यात डुंबताना दिसले. 'यानं दुखणं बरं होतं,' असं त्यांनी सांगितलं. राणीनं स्वतः अंघोळ केली, तिला गुण आला आणि 1485 मध्ये तिनं तिथं रुग्णालय सुरू केलं, अशी आख्यायिका आहे. गरम पाण्याने उपचार करणारं जगातलं सर्वांत जुनं रुग्णालय म्हणून आजही त्याचं नाव घेतात. गंधकयुक्त पाण्याबरोबरच इथला भाजी-फळांचा रोजचा बाजार आणि चिनी मातीची भांडी पाहायला पर्यटक येतात.

हे रुग्णालय सुरू झाल्यावर 49 वर्षांनी, म्हणजे 1534 मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना वसई मिळाली. पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्याकडेच होती.

चिमाजी अप्पांचा नवस

1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईला वेढा दिला. किल्ला काही केल्या पडेना. तेव्हा वाटेतल्या वडवलीच्या परिसरात मुक्कामी असताना अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला, की किल्ला मिळाला तर तुझं मंदिर बांधीन. देवीचं मूळ ठाणं गुंज इथं होतं आणि पोर्तुगिजांनी ते मोडलं, असंही परंपरा सांगते.

मे 1739 मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. तानसा नदीजवळच्या टेकडीवरचं हे मंदिर लांबून किल्ल्यासारखंच दिसतं. भोवती दगडी तट, दाराशी नगारखाना आणि वर जायला 52 पायऱ्या. त्यातल्या एका पायरीवर कासव कोरलेलं आहे. चैत्र अमावास्येला इथं मोठी जत्रा भरते.

आणि तिकडे राजाचं काय झालं?

वसई गेली तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर राजा जुआंव पाचवा होता. 1742 मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. उपचारासाठी तो कुठे गेला? त्याच काल्दास दा राइन्याला, आणि तेही एकदा नाही, वारंवार. राणीचं जुनं रुग्णालय त्यानं नव्यानं बांधून घेतलं. त्या गावात आज दिसणारी जुनी इमारत बरीचशी त्याच्याच काळातली आहे.

पाणी गरम का होतं?

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या परिसरात मिळून वीसेक झरे आहेत. देवीनं मारलेल्या राक्षसांच्या रक्तानं पाणी तापलं, अशी लोककथा सांगतात. भूशास्त्राचं उत्तर वेगळं आहे.

इथं कुठलाही जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खोल झिरपतं. जमिनीत दर किलोमीटर खाली गेल्यावर तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं आणि वाटेत खडकांतले क्षार घेऊन येतं. पालघरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर असे झरे रांगेनं सापडतात, ते याच कारणामुळे.

अंघोळीनं रोग बरे होतात का?

गरम पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, सांधेदुखीत काही काळ आराम पडतो. इतकं खरं. पण मधुमेह, रक्तदाब किंवा त्वचारोग मुळापासून बरा होतो, असं समजून गोळ्या बंद करू नका.

काही गोष्टी मात्र जरूर पाळा:

- इथल्या अनेक कुंडांचं पाणी 40 ते 50 अंशांच्या दरम्यान असतं. आधी हातानं अंदाज घ्या, मगच उतरा. पाच-दहा मिनिटांहून जास्त बसू नका.
- गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसल्याचं कळतही नाही.
- डोकं पाण्यात बुडवू नका. कोमट गोड्या पाण्यात 'नेग्लेरिया' नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर बहुतेक वेळा जीव जातो. असा संसर्ग अतिशय दुर्मीळ आहे, पण 2024 मध्ये केरळमध्ये असे रुग्ण आढळले होते.
- अंगावर जखम असेल तर कुंडात उतरू नका, आणि कुंडात साबण लावू नका.

यात घाबरवण्यासारखं काही नाही. काल्दास दा राइन्यालाही पाण्यात जिवाणू सापडल्यामुळे काही वर्षं उपचार बंद ठेवावे लागले होते. पाणी कितीही नावाजलेलं असलं तरी ते तपासावंच लागतं.

जायचं कसं?

वज्रेश्वरी ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात आहे. वसई-विरारकडून अंतर साधारण 30 किलोमीटर. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याहून निघायचं तर आधी तुमसर गाठायचं. तिथल्या तुमसर रोड स्थानकावरून विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणला उतरायचं आणि पुढे भिवंडीमार्गे रस्त्यानं जायचं. एवढा लांबचा प्रवास नको असेल, तर विदर्भाच्या सीमेला लागून नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम झरे आहेतच.

पावसाळ्यात तानसेला पाणी चढतं, त्यामुळे हिवाळ्यात जाणं उत्तम. मंदिर, अकलोलीची कुंडं आणि गणेशपुरीतली नित्यानंद स्वामींची समाधी एका दिवसात पाहून होते. आणि वेळ काढून वसईचा किल्लाही बघा, कारण या मंदिराची गोष्ट सुरू होते ती तिथूनच.