नकाशा कपाटात नको

आपण अक्षरे शिकलो. पत्र वाचू लागलो. एस.टी.ची पाटी वाचू लागलो. सातबाऱ्यावर आपले नाव कुठे आहे, ते आता दुसऱ्याला विचारावे लागत नाही. पण वाचायची आणखी एक गोष्ट असते. तिच्यात अक्षरे थोडी आणि रेघा फार. ती म्हणजे नकाशा.

गावचा नकाशा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात गटांच्या हद्दी असतात, पाणंद असते, वहाळ असतो. दोन भावांत बांधावरून तंटा झाला, की हा नकाशा बाहेर निघतो. मग मोजणी होते. ज्याला नकाशा कळतो, तो आपल्या तोंडाने बोलतो. ज्याला कळत नाही, तो दुसरा सांगेल तिथे अंगठा उठवतो.

हा नकाशा जमीन कोणाची ते सांगतो. जमीन कशी आहे, ते मात्र सांगत नाही. डोंगराचा उतार किती? पाणी कोणीकडे धावते? रान कुठे दाट आहे? यासाठी निराळे नकाशे करावे लागतात.

ते कसे करतात? आरपार दिसणारे पातळ कागद घ्या. एकावर फक्त डोंगरांचे उतार काढा. दुसऱ्यावर नद्या आणि वहाळ. तिसऱ्यावर रान. चौथ्यावर पाऊस. पाचव्यावर घरे आणि रस्ते. आता हे कागद एकमेकांवर नीट ठेवा आणि उजेडात धरा. उभा उतार, फार पाऊस आणि खाली वाडी, अशी जागा लगेच नजरेत भरते. आज हे काम संगणक करतो. आकाशात फिरणारे उपग्रह वरून चित्रे घेतात, पर्जन्यमापक पाऊस मोजतात, आणि सगळे एकाच नकाशात येते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला याची फार गरज आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये अरुंद पट्टी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. २२ जुलै २०२१ चा दिवस आठवा. वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. बाजारपेठ बुडाली. माणसे माळ्यांवर अडकून पडली. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळली. घरे गाडली गेली, माणसे दगावली. नकाशा काही पाऊस थांबवत नाही. पण धोक्याची जागा कोणती, ते आधी सांगू शकतो. आधी कळले, तर घर कुठे बांधायचे, डोंगर कुठे खणायचा नाही आणि पावसाळ्यात कोणती वाडी हलवायची, हे ठरवता येते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवू या. ज्याला घर बांधायचे आहे, त्याच्यापर्यंत नकाशा पोचला तरच त्याचा उपयोग.

माहिती पोचली की काय होते, ते मिरकरवाड्यासारख्या बंदरात दिसते. हैदराबादला १९९९ सालापासून सरकारची एक संस्था आहे. तिला इन्कॉइस म्हणतात. समुद्राचे पाणी वरवर किती गरम आहे आणि त्यात हिरवे बारीक शेवाळ किती आहे, हे उपग्रहावरून कळते. थंड आणि गरम पाणी जिथे भेटते, तिथे माशांना खाणे जास्त मिळते. तिथे मासळी जमण्याचा संभव असतो. ही संस्था कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोल पाण्यात जावे, ते कळवते. मराठीतूनही कळवते. ढग दाटले, की उपग्रहाला नीट दिसत नाही; मग त्या दिवशी सल्ला मिळत नाही. जाळे टाकायचे की नाही, हे अखेर तांडेलच ठरवतो. पण उगाच भटकण्यात जाणारे डिझेल वाचू शकते.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. ती आपल्याच डोंगराची आहे.

२०१० साली केंद्र सरकारने सह्याद्रीचा, म्हणजे सगळ्या पश्चिम घाटाचा, अभ्यास करायला तज्ज्ञांची समिती नेमली. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा वेगळा विचार करायलाही समितीला सांगितले होते. समितीने घाटाच्या नकाशावर चौकोन पाडले. एकेक चौकोन सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद. उंची, उतार, रान, दुर्मिळ झाडे आणि प्राणी पाहून चौकोनांना गुण दिले. त्यावरून घाटाचे तीन प्रतींचे भाग केले. सर्वांत नाजूक भागात नव्या खाणी नकोत, असे सुचवले. शेवटचा निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावा, असेही सांगितले.

ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सरकारला दिला. आणि तो तिथेच राहिला! ज्यांच्या गावांवर रेघा पडल्या, त्यांना तो पाहायला मिळेना. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. उत्तर नकाराचे आले. तो अपिलात गेला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल उघड करा, असा हुकूम दिला. मंत्रालय दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानेही ऐकले नाही. मग मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला.

म्हणजे जवळजवळ नऊ महिने नकाशा कपाटात होता. नकाशा दिसत नाही, तेव्हा अफवा फिरतात. 'आता घर बांधता येणार नाही', 'शेती जाणार', अशी भीती अनेक गावांत पसरली. कुणाला खाण हवी होती, कुणाला रान राखायचे होते. दोघांनाही आपला चौकोन कोणता, ते ठाऊक नव्हते. मग भांडण कशावर करायचे?

पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती झाली. त्यानंतर सरकारने नाजूक भागाचे मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांचीही नावे आहेत. हरकत घ्यायला साठ दिवस दिले होते. साठ दिवस म्हणजे भाताची लावणी आणि गणपती यांतच निघून जातात. यादी वाचणारा गावात कोणी नसेल, तर हरकतही नाही आणि संमतीही नाही.

तेव्हा आपण काय करायचे?

पहिले म्हणजे, ग्रामसभेत विचारायचे: आपल्या गावाचे उतार, पाणी, दरडी यांचे नकाशे कोणाकडे आहेत? ते मराठीत आणून पंचायतीच्या भिंतीवर लावा.

दुसरे, नकार मिळाला, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा. हा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

तिसरे, नकाशा हाती आला, की तो तपासायचा. उपग्रहाला रान दिसते. पण ते देवराई आहे, हे त्याला कळत नाही. बारमाही झरा कोणता आणि मार्चात आटणारा कोणता, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. पूर्वी दरड कुठे आली होती, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. ही माहिती नकाशावर चढली, तर अभ्यास करणाऱ्यालाही तिचा उपयोग होईल आणि साहेबालाही निर्णय घेताना ती टाळता येणार नाही.

अक्षरे शिकताना आपण आधी आपले नाव लिहायला शिकलो. नकाशा शिकतानाही तसेच करू या. आधी त्यावर आपली वाडी शोधू. मग वाडीच्या वरचा डोंगर शोधू. आणि येत्या पावसाआधी त्या दोघांमधला उतार किती आहे, ते विचारून घेऊ.