दहावीनंतरचे इंग्रजी : शब्द कोणते शिकावेत आणि कसे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात, आणि ते व्हायलाच हवेत. परंतु त्यानंतर चार-सहा महिन्यांनी जे घडते त्याचा कोणत्याही सत्कार समारंभात उल्लेख होत नाही. मराठी माध्यमातून ८० ते ८५ टक्के गुण मिळवून शास्त्र शाखेत गेलेला मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात मागच्या बाकावर सरकतो. कोणी शाखा बदलतो, कोणी कॉलेजला जाणेच सोडतो. घरी विचारले तर एकच उत्तर मिळते, "इंग्रजी झेपत नाही."

हे उत्तर आम्ही पूर्ण खरे मानत नाही. ज्या मुलाला ओहमचा नियम मराठीत समजला होता त्याला तो इंग्रजीतही समजतो. त्याच्यापाशी नसतात ते शब्द. आणि तेही सगळे नव्हे, काही विशिष्ट शब्द. ते कोणते, हे आठवी-नववीपासूनच कळले तर अकरावीचा हा उंबरठा पुष्कळ सोपा होईल. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांसाठी जितका आहे तितकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

पालक सहसा काय करतात? एक जाड डिक्शनरी आणून देतात आणि सांगतात, "रोज दहा शब्द पाठ कर." मुलगा 'ए'पासून सुरुवात करतो. आमच्या पाहण्यात असे कितीतरी विद्यार्थी आहेत की ज्यांना 'ए'ने सुरू होणारे शब्द तोंडपाठ आहेत आणि 'सी'च्या पुढे सगळा अंधार आहे! दोष त्यांच्या चिकाटीचा नाही. डिक्शनरी ही शब्द शोधण्यासाठी असते, पहिल्या पानापासून पाठ करण्यासाठी नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, अकरावीच्या पुस्तकात जे शब्द तुम्हांला अडवतात त्यांचे दोन ढीग करा. पहिला ढीग शास्त्रीय संज्ञांचा. हे शब्द दिसायला भयंकर असतात, पण मराठी माध्यमाच्या मुलाला खरे तर हेच सोपे जायला हवेत. कारण मराठीत शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्या विद्वानांनी पुष्कळदा ग्रीक आणि लॅटिन शब्दांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी आपला शब्द ठेवला आहे. 'प्रकाशसंश्लेषण' घ्या. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण. 'भूमिती' म्हणजे भू आणि मिती. 'जिऑमेट्री'त 'जिओ' म्हणजे भू आणि 'मेट्री' म्हणजे मापन. 'उभयचर' आणि 'ॲम्फिबियन' यांतही तेच : 'ॲम्फि' म्हणजे उभय. भूगोलातील शिलावरण, जलावरण, जीवावरण हे तीन शब्द ज्याला येतात त्याला लिथोस्फिअर, हायड्रोस्फिअर, बायोस्फिअर हे शब्द घोकावे लागू नयेत. शिला म्हणजे 'लिथो', जल म्हणजे 'हायड्रो', जीव म्हणजे 'बायो', एवढे कळले की काम झाले.

आम्हांला विशेष आवडणारे उदाहरण 'समस्थानिक' या शब्दाचे आहे. वस्तुमान निराळे, पण आवर्तसारणीत स्थान एकच, अशा अणूंना काय म्हणावे हा प्रश्न १९१३ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांच्यापुढे होता. मार्गारेट टॉड या डॉक्टर असलेल्या लेखिकेने त्यांना 'आयसोटोप' हा शब्द सुचविला : 'आयसो' म्हणजे सम, 'टोपोस' म्हणजे स्थान. आपला 'समस्थानिक' अगदी तोच आहे. एकदा 'आयसो' म्हणजे सम हे हाती लागले की आयसोथर्म म्हणजे समताप रेषा आणि आयसोबार म्हणजे समभार रेषा, हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही. 'अभिकेंद्री' बलाला इंग्रजीत 'सेंट्रिपीटल' म्हणतात, म्हणजे केंद्राकडे धाव घेणारे. अपकेंद्री ते 'सेंट्रिफ्यूगल', म्हणजे केंद्रापासून पळणारे.

काही तुकडे तर परकेही नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे हे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला १७८६ साली मांडले. दंतवैद्याला 'डेंटिस्ट' म्हणतात त्यात 'दन्त' आहे, 'बायपेड'मध्ये द्विपाद आहे, त्रिकोणाच्या 'ट्रँगल'मध्ये 'त्रि' आहे. पाली वाचणाऱ्यांना दन्त, पाद आणि नाम हे शब्द परिचयाचे आहेतच. आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३६ साली प्रसिद्ध झालेले 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे. या 'ॲनिहिलेशन'च्या पोटात लॅटिन 'निहिल' आहे, म्हणजे 'काहीच नाही'. एखादी गोष्ट सुधारणे किंवा सौम्य करणे नव्हे, तर तिचे काहीही शिल्लक न ठेवणे. 'डिस्ट्रक्शन' हा शब्द हाताशी असताना 'ॲनिहिलेशन' का, याचे उत्तर शब्दाचे मूळ पाहिले की मिळते.

या रीतीला खाचखळगे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' पायाचा, पण 'पेडिॲट्रिशियन'मधला 'पेड' ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. 'इनव्हिजिबल' म्हणजे अदृश्य, म्हणून 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल असे समजू नये. त्याचा अर्थ अनमोल. पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेला 'इन्फ्लेमेबल' हा शब्द तर जीवाशी खेळणारा आहे. त्याचा अर्थ पेट न घेणारा असा नसून चटकन पेट घेणारा असा आहे. तेव्हा मुळावरून अंदाज जरूर करावा, पण डिक्शनरी पाहून खात्री करावी.

सेमी-इंग्रजीच्या मुलांची गोष्ट थोडी उलटी आहे. त्यांना 'फोटोसिंथेसिस' हा शब्द येतो, पण पुष्कळदा त्यातला एकही तुकडा ठाऊक नसतो. त्यांनी मराठी माध्यमाचे विज्ञानाचे पुस्तक जवळ ठेवावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

आता दुसरा ढीग. मुले खरी अडतात ती इथे, आणि याकडे शाळेत किंवा क्लासमध्ये फारसे कोणी लक्ष देत नाही. हे शब्द शास्त्रीय नसतात आणि रोजच्या बोलण्यातलेही नसतात. अस्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, ऑकर, कन्सिस्ट, सिग्निफिकंट, इंटरप्रिट. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, हे इंग्रजीच्या सरांचे काम. इंग्रजीचे सर धड्यातले शब्द शिकवतात, आणि धड्यात हे शब्द येतीलच असे नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र ते हमखास येतात. 'स्टेट' म्हणजे राज्य एवढेच ठाऊक असलेला मुलगा 'स्टेट ओहम्स लॉ' या प्रश्नासमोर थांबतो. तिथे 'स्टेट' म्हणजे फक्त सांगा, सिद्ध करू नका. 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र पायरीपायरीने मिळवा. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक स्पष्ट करा, 'जस्टिफाय' म्हणजे विधान योग्य कसे ते कारणे देऊन पटवा. 'रिस्पेक्टिव्हली'चा आदराशी संबंध नाही, त्याचा अर्थ अनुक्रमे. उत्तर येत असूनही केवळ क्रियापद न कळल्यामुळे गुण जाणे, याच्याइतके वाईट नुकसान नाही.

समाधानाची गोष्ट अशी की हे शब्द अगणित नाहीत. ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांच्या लेखनातील सुमारे ३५ लाख शब्द तपासले, त्यांतून वेस्ट यांचे शब्द वगळले, आणि सर्व शाखांत पुन:पुन्हा येणारी ५७० शब्द-कुटुंबे २००० साली यादीरूपाने मांडली. शैक्षणिक लेखनातले दर शंभरातले सुमारे दहा शब्द या ५७० कुटुंबांतले असतात. कुटुंब म्हणजे डिराइव्ह, डेरिव्हेशन, डेरिव्हेटिव्ह असे एकाच घरातले शब्द. रोज पाच कुटुंबे घेतली तर चार महिने पुरतात. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत निम्मे काम सहज उरकते.

परंतु यादी हाती आली म्हणून पुन्हा पाठांतर सुरू करू नका. शब्द एकटा राहत नाही, त्याचे सोबती ठरलेले असतात. आपण मराठीत चूकही 'करतो' आणि गृहपाठही 'करतो'. इंग्रजीत मात्र चुकीला 'मेक' आणि गृहपाठाला 'डू' लागतो. आपला पाऊस जोराचा, त्यांचा 'हेवी'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, तरी आपण तो हटकून घालतो. म्हणून शब्द नेहमी वाक्यासकट उचलावा, आणि ते वाक्य तुमच्याच पाठ्यपुस्तकातले असावे.

लक्षात ठेवण्याची युक्ती साधी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वत:वर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की पाठ केलेले बरेचसे सुरुवातीच्या काही तासांतच निसटते. योग्य अंतराने उजळणी केली तर मात्र टिकते. त्यासाठी बुटाचे रिकामे खोके घ्या आणि पुठ्ठा लावून त्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या तयार होतात, पैसे घालविण्याचे कारण नाही. एका बाजूला इंग्रजी शब्द, त्याचे कुटुंब आणि वाक्य. दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. अर्थ बरोबर आला तर ती पुढच्या कप्प्यात जाते, चुकला तर परत पहिल्यात येते. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने पाहायचा. ही खोक्याची पद्धत झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली पुस्तकातून लोकप्रिय केली. आता मोबाइलमध्येही ती मिळते, पण मोबाइल उघडला की मूल दुसरीकडेच जाते हे आम्ही वेगळे सांगायला नको. उच्चारासाठी मात्र मोबाइल अवश्य वापरावा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर असतो आणि 'फोटोग्राफी'त तो 'टॉ'वर जातो. हे छापील पानावरून कानाला कळत नाही.

आणखी एक. ज्या आईला किंवा वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी आपला काय उपयोग असे म्हणू नये. चिठ्ठीची मराठी बाजू तुमच्याकडे ठेवा; मुलाने इंग्रजी शब्द वाचून मराठी अर्थ सांगायचा, तो जुळतो की नाही हे तुम्ही पाहायचे. मराठीही वाचता येत नसेल तर धाकटे भावंड हे काम आवडीने करते.

सुरुवात करण्यासाठी यादी शोधत बसू नका. अकरावीतल्या एखाद्या ओळखीच्या मुलाकडून गेल्या वर्षीची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका मागून आणा, तीतील प्रत्येक प्रश्नाच्या पहिल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि त्या शब्दांच्या चिठ्ठ्या आज रात्रीच पहिल्या कप्प्यात टाका.