गव्हाचे पथ्य आणि आपली ज्वारी



या सदरात आम्ही बेणेमळा, हुमणी, खतांचे हप्ते असे विषय घेत असतो. या वेळी विषय वेगळा आहे. लागणीच्या नोंदी घेत फिरताना गेल्या दोन हंगामांत तीन घरांतून आम्हांस एकच प्रश्न विचारला गेला, "साहेब, डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय, आता खायला काय घालायचं?" आम्ही डॉक्टर नव्हे. पण धान्य, मळणी आणि दळण या गोष्टी आमच्या परिचयाच्या आहेत, आणि या पथ्याचे निम्मे घोडे तिथेच अडते, म्हणून लिहीत आहोत.

रोगाचे नाव सिलिअॅक. गहू, जव म्हणजे सातू, आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक ताणली जाते, चपाती लाटता येते, पाव फुगतो, ते याच्यामुळे. काहींच्या शरीराला ते चालत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. उसाची मुळी हुमणीने कुरतडल्यावर वरून कितीही युरिया टाका, ऊस पिवळाच राहतो, तसेच हे. गव्हाचा हा दोष विलेम डिके या हॉलंडच्या बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा तो बळावला. १९५० साली त्यांचा प्रबंध झाला. हा गोऱ्या लोकांचा रोग असेही समजू नये. दिल्लीच्या आसपास केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरात एकाच्या जवळपास प्रमाण आढळले.

तिघांपैकी एका घरची हकीकत सांगतो. मुलगी अकरा वर्षांची, पण चणीने आठ वर्षांची वाटे. पोट फुगलेले, वरचेवर जुलाब, अंगात रक्त नाही. जंताचे औषध झाले, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, देवऋषीही झाला. शेवटी जिल्ह्याच्या गावी रक्ताची टी.टी.जी. तपासणी झाली, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा निदान झाले. इथे एक सांगणे आहे : संशय आला म्हणून आपल्या मनाने आधीच गहू बंद करू नका. गहू बंद असला की तपासणी खोटी निर्मळ येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य. आणि एकाला निघाला तर आईबाप व सख्ख्या भावंडांचीही तपासणी डॉक्टर करायला सांगतात, ती टाळू नये.

पथ्य जन्मभराचे आहे. औषधाची गोळी नाही. घरातल्या आजीला हे पटेना. सगळी मुले तूप-चपाती खाताना नातीने तोंडाकडे बघावे हे तिला पाहवत नसे. "एका घासानं काय हुतंय?" म्हणून ती चोरून भरवी. तीन महिने पोरीचे वजन हलेना. मग डॉक्टरांनी आजीलाच समोर बसवून सांगितले की त्या एका घासानेच होते. आजीने तेव्हापासून मुलीच्या पथ्याचा पहारा स्वतःकडे घेतला, आणि आता ती सुनेचेही ऐकत नाही!

खरे तर आपल्या भागाला हे पथ्य जड जाऊ नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा आणि सगळ्या डाळी यांत ग्लूटेन नाही. म्हणूनच भाकरीच्या पिठाला कढत पाणी लागते आणि ती लाटायची नव्हे, थापायची असते. गूळ-साखरेतही ते नाही, हे सभासदांना सांगायला आम्हांस विशेष आनंद वाटतो. पण पाटपाणी आले, ऊस आला, आणि चपाती ही सुधारलेल्या घराची खूण झाली. पाव्हणा आला की भाकरी वाढायची लाज वाटते. गहू सोडणे अवघड नाही, ही लाज सोडणे अवघड आहे, असे आमचे मत आहे.

आता खरा घात कुठे होतो ते पाहा. गिरणीत गव्हाच्या दळणावर तुमची ज्वारी पडली की जात्याच्या पाळ्यांतले गव्हाचे पीठ तुमच्या डब्यात आले. या घराने आधी गिरणीवाल्याशी ठरवून पाहिले, पण रांगेपुढे त्याचाही नाइलाज. शेवटी त्यांनी घरगुती चक्की घेतली आणि तीत गहू घालायचा नाही असा नियम केला. ज्यांना ते जमत नाही त्यांनी जुने जाते धुऊन बाहेर काढावे. मळणी यंत्राचेही तेच. गव्हामागून शाळू मळला तर दाणे मिसळतात. पहिले पोते वेगळे काढा आणि दळणापूर्वी सुपात निवडून घ्या. परात, पोळपाट, तवा वेगळा ठेवावा.

दुसरा चोर म्हणजे हिंग. बाजारी बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, वेष्टन वाचून घ्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुरडया, शेवया, सातूचे पीठ, माल्टची पेये, हॉटेलातला दाट रस्सा, यांचाही भरवसा धरू नये. खपली हा जुना गहू चालतो असे काही जण छातीठोक सांगतात. चालत नाही. खपलीही गहूच.

सणावारी घरच्या बायकांनी युक्त्या काढल्या आहेत. सत्यनारायणाचा शिरा तांदळाच्या रव्याचा होतो. दिवाळीत तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली आणि बेसनाचे लाडू आहेतच, फक्त करंजी-शंकरपाळीच्या कढईत ती तळू नये. होळीला मुलगी पुरण वाटीत घेऊन दूध-तुपाशी खाते. लग्नाच्या पंगतीला डबा सोबत असतो. पहिल्यांदा लोक कुजबुजले, आता विचारतही नाहीत. वर्षात तिची उंची वाढली, शाळेचा फ्रॉक आखूड झाला.

घरातल्या एकाला पथ्य लागले म्हणून बाकीच्यांनी गहू सोडण्याची गरज नाही. शहरात तशी टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. 'ग्लूटेन-फ्री' छापलेली महागडी बिस्किटेही नडीपुरतीच घ्यावीत.

ज्या घरी हे पथ्य आहे त्यांनी सुरू लागणीसाठी राखलेल्या रानाचा कोपरा, दहा गुंठे, रब्बीत शाळूला द्यावा. मालदांडी घरच्या खाण्यास उत्तम. पाणी मिळाले तर दोन क्विंटल दाणे होतात, एका माणसाची वर्षाची बेगमी होऊन उरतात. कडबा जनावरांना होतो तो वेगळाच.