गिऱ्हाईक न बोलता का निघून जाते?
वेबपानावरील मथळे आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांनी आता आपल्या मालाची यादी इंटरनेटवर टाकली आहे. मालेगावची लुंगी असो, भिवंडीचे कापड असो की धारावीच्या चामड्याच्या पिशव्या असोत, लांबच्या गावचे गिऱ्हाईक प्रथम ती यादी पाहते आणि मगच फोन करते. यादी टाकण्यासाठी पैसे खर्च होतात, फोटो काढले जातात, भाव लिहिले जातात. परंतु गिऱ्हाइकाला त्या लांबलचक पानावर हवी ती गोष्ट सापडते किंवा नाही, हे कोणी पाहत नाही. दुकानात आलेले गिऱ्हाईक निदान विचारते, "भाऊ, अमुक माल कुठे आहे?" वेबपानावर विचारायला कोणी नसते. माल सापडला नाही की ते निघून जाते, आणि ते आले होते हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

या अंकात आम्ही अशाच एका लहानशा दिसणाऱ्या, पण धंद्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टीचा खुलासा करीत आहोत. ती गोष्ट म्हणजे वेबपानावरील मथळे, आणि त्या मथळ्यांवरून पुढेमागे जाण्यासाठी ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या पुरवण्या. या पुरवण्यांना एक्स्टेंशन म्हणतात. त्या वापरणाऱ्यांच्या तक्रारींमधून आपल्याला बरेच शिकण्यासारखे आहे.

मथळा म्हणजे नुसते मोठे अक्षर नव्हे

खतावणीत प्रत्येक खात्याच्या माथ्यावर नाव असते आणि सुरुवातीला अनुक्रमणिका असते. नाव पाहून आपण थेट त्या पानावर जातो. वेबपानातही हीच सोय आहे. वेबपाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तिच्यात मथळ्यांच्या सहा पातळ्या आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये या भाषेचे जे पहिले वर्णन दिले, त्यातच या सहा पातळ्या होत्या. पहिली पातळी पानाच्या नावासाठी, दुसरी मुख्य भागांसाठी, तिसरी त्या भागांतील पोटभागांसाठी, असा क्रम आहे.

अडचण येथे येते की पुष्कळ लोक मथळा लिहिण्याऐवजी साधी ओळ ठळक व मोठी करतात. डोळ्यांना ती मथळ्यासारखी दिसते. पण संगणकाच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते. म्हणजे खतावणीत नाव लिहिले, पण अनुक्रमणिकेत चढवलेच नाही, असा हा प्रकार आहे.

पुरवणी काय काम करते?

ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. एनव्हीडीए हा असा एक प्रोग्राम असून तो मोफत मिळतो. त्यात एच हे बटण दाबले की पुढचा मथळा वाचला जातो, आणि शिफ्टसह एच दाबले की मागचा. वेबएम या अमेरिकन संस्थेने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची जी पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात १,५३९ जणांनी उत्तरे दिली होती. लांब पानावर माहिती शोधायची झाल्यास आधी मथळ्यांवरून जातो, असे त्यांपैकी ७१.६ टक्के लोकांनी सांगितले. यावरून मथळ्याचे महत्त्व ध्यानात येईल.

पण ज्यांना दिसते, मात्र हात थरथरतो किंवा माउस धरता येत नाही, त्यांचे काय? त्यांना स्क्रीन रीडरची गरज नसते, आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये मथळ्यावरून मथळ्यावर जाण्याचे बटण नसते. जुन्या ऑपेरा ब्राउझरमध्ये एस दाबून पुढच्या आणि डब्ल्यू दाबून मागच्या मथळ्यावर जाता येत असे. २०१३ मध्ये ऑपेराने आपले मूळ इंजिन सोडून क्रोमचे इंजिन घेतले आणि ती सोय गेली. तीच उणीव आता पुरवण्या भरून काढतात. हेडिंग्जमॅप नावाची पुरवणी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर चालते. ती पानातील सर्व मथळे बाजूला यादीने दाखवते. हव्या त्या मथळ्यावर क्लिक केले की पान तेथे सरकते, आणि पातळीचा क्रम चुकला असेल तर तेही लक्षात येते.

वापरणाऱ्यांचे म्हणणे

अशा पुरवण्यांबद्दल ज्या तक्रारी नेहमी होतात, त्या आम्ही स्वतः वापरून तपासल्या. मुख्य तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

एक, बटणांची टक्कर. पुरवणीने ऑल्ट व शिफ्ट ही जोडी घेतली, तर विंडोजमध्ये तीच जोडी भाषा बदलण्यासाठी वापरली जाते. आपल्यापैकी जे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टंकलेखन करतात त्यांना याचा फार त्रास होतो. मथळ्यावर जायला जावे आणि भाषाच बदलून बसावी. तसेच पुरवणी इंग्रजी एच अक्षराची वाट पाहत असेल आणि कीबोर्ड मराठीवर असेल, तर बटण दाबूनही काही होत नाही.

दोन, एकाच अक्षराचे बटण. जे लोक बोलून संगणक चालवतात, त्यांचे बोलणे चुकून बटण म्हणून घेतले जाऊ शकते आणि पान भलतीकडेच उडी मारते. म्हणूनच वेबपानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०१८ च्या आवृत्तीत असे कलम घातले गेले की, एका अक्षराचे बटण ठेवल्यास ते बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय असली पाहिजे.

तीन, मथळा झाकला जातो. पुष्कळ पानांवर दुकानाच्या नावाची पट्टी वर कायम चिकटलेली असते. पान मथळ्यापाशी सरकते, पण मथळा नेमका त्या पट्टीखाली दडतो. वापरणाऱ्याला वाटते, भलत्याच ठिकाणी आलो.

चार, नजर पुढे आणि कर्सर मागे. पान खाली सरकले तरी कर्सर जुन्या जागीच राहतो. मग टॅब दाबताच पान पुन्हा वर जाते. माउस न वापरणाऱ्यासाठी अशी पुरवणी असून नसल्यासारखीच आहे.

पाच, मथळेच सापडत नाहीत. यादी उघडावी तर ती रिकामी, किंवा तिच्यात पन्नास वेळा "येथे पाहा" एवढेच.

दोष कोणाचा?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या पाच तक्रारींपैकी पहिल्या दोन पुरवणी करणाऱ्याने दूर करायच्या आहेत. चौथीही बहुतांशी त्याचीच आहे. तिसरी पानाच्या रचनेतून येते. पाचवी मात्र पूर्णपणे पान तयार करणाऱ्याची, म्हणजे आपली आहे. तक्रार करणारा सर्व दोष पुरवणीच्या माथी मारतो, कारण त्याच्या हातात तीच असते. कारागिराला हा अनुभव नवा नाही. शिवण उसवली की गिऱ्हाईक शिंप्याला बोलते, मग दोष धाग्याचा असला तरी. शहाणा कारागीर आधी ऐकून घेतो, मग धागा पाहतो.

मोबाइलची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये अशा पुरवण्या बसत नाहीत. पण त्याच फोनमधील टॉकबॅक आणि आयफोनमधील व्हॉइसओव्हर हे बोलणारे प्रोग्राम खरे मथळे ओळखतात. म्हणजे पानात मथळे बरोबर असतील तर पुरवणी नसतानाही गिऱ्हाइकाचे काम होते. मथळेच नसतील तर उत्तम पुरवणीसुद्धा काही करू शकत नाही.

आपण काय करावे?

समजा, एका लुंगीच्या व्यापाऱ्याचे पान आहे. पानाचे नाव पहिल्या पातळीवर असावे. "मालाचे प्रकार", "भाव", "माल पोचविण्याची पद्धत", "माल परत घेण्याच्या अटी" आणि "पत्ता व फोन" हे दुसऱ्या पातळीवर असावेत. "सुती" आणि "पॉलिस्टर" हे "मालाचे प्रकार" याखाली तिसऱ्या पातळीवर यावेत. दुसरीवरून एकदम चौथीवर उडी मारू नये. एकच मथळा दहा वेळा लिहू नये. पान दुसऱ्याकडून करून घेत असाल तर त्याला स्पष्ट सांगावे की ठळक ओळी नकोत, खरे मथळे हवेत, आणि वरच्या पट्टीखाली ते झाकले जाता कामा नयेत.

भावपत्रक वर्डमध्ये करीत असाल तर तेथेही हीच शिस्त ठेवावी. कंट्रोल, ऑल्ट व १ ही बटणे एकत्र दाबली की पहिल्या पातळीचा मथळा होतो. २ व ३ यांचेही तसेच. मग नेव्हिगेशन पेन उघडले की सर्व मथळे बाजूला दिसतात.

पुरवणी बसवताना एक खबरदारी घ्यावी. मथळे वाचण्यासाठी पुष्कळ पुरवण्या सर्वच पानांवरील मजकूर वाचण्याची परवानगी मागतात. त्यात बँकेचे पानही आले. क्रोममध्ये ही परवानगी ठरावीक पानांपुरती किंवा क्लिक केल्यावरच मिळेल अशी ठेवता येते. ती तशीच ठेवावी, आणि काम झाल्यावर पुरवणी बंद करावी.

तक्रार मांडणे आणि ऐकणे

"चालत नाही" एवढेच लिहून पाठवले तर कोणालाच दुरुस्ती करता येत नाही. कोणते पान होते, कोणता ब्राउझर होता, कोणते बटण दाबले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या पाच गोष्टी लिहाव्यात. आपल्याकडे गिऱ्हाइकाची तक्रार आली तर याच पाच गोष्टी आपण नम्रपणे विचाराव्यात. पानाच्या शेवटी "काही सापडले नाही तर या क्रमांकावर कळवा" एवढी एक ओळ टाकली, तरी न बोलता निघून जाणाऱ्यांपैकी काही जण बोलू लागतील.

ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही उद्देशून आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

आमची आपल्या वाचक बांधवांना विनंती आहे की, आज दुकान बंद झाल्यावर आपले पान एकदा उघडावे, माउस बाजूला ठेवावा, आणि आपल्याच मालाचा भाव कीबोर्डच्या साह्याने शोधून पाहावा. तो आपल्याला सापडला नाही, तर गिऱ्हाइकाला तो सापडेल अशी अपेक्षा कशी करता येईल?