हादऱ्यांच्या छायेतील शाळा

भूकंप म्हटला की महाराष्ट्राला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एकाच तडाख्यात गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगावली. पण त्यानंतर पुनर्वसनाचे काम तरी सुरू करता आले. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांवर नोव्हेंबर २०१८ पासून आलेले संकट निराळ्या जातीचे आहे. धुंदलवाडीच्या परिसरात लहान लहान हादऱ्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घराबाहेर धावताना पडून एक चिमुरडी दगावली. शासनाने तंबू पुरविले. मुले झाडाखाली वा मांडवात बसून शिकू लागली.

अशा संकटात ढिगारे दिसत नाहीत, म्हणून हानीही दिसत नाही. पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो. बुडालेल्या तासांचा होत नाही. वास्तविक अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे भांडवलाचेच नुकसान आहे. रात्र थंडीत, उघड्यावर, जागून काढलेले मूल सकाळी वर्गात बसले तरी त्याचे लक्ष जमिनीच्या हालचालीकडेच राहणार. शिवाय या भागातील आदिवासी मुलास शाळेतून केवळ अक्षरे मिळत नाहीत, दुपारचे जेवणही मिळते. शाळा सुटली म्हणजे दोन्ही सुटली.

त्यातच काळही प्रतिकूल. भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे मजुरीस निघतात. नेमक्या त्याच दिवसांत शाळेची सवय मोडली, तर मुलाला मागे ठेवण्याचे कारणच पालकांपाशी उरत नाही. भूकंपाने शाळेबाहेर काढलेले मूल दारिद्र्य परत येऊ देत नाही.

यावर उपाय शोधण्यास दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस १९४५ मध्ये आरंभिलेले कार्य पुढे याच डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणात नेली पाहिजे, हा विचार त्यांनी कुरणशाळेच्या रूपाने प्रत्यक्षात आणला. भिंतींवाचून शिक्षण होते, हे येथेच सिद्ध झाले आहे. मात्र त्यामागे योजना होती. भीतीपोटी केलेली तात्पुरती सोय नव्हती.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरविले. तेव्हा हादऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांची शाळावार नोंद ठेवून ते भरून काढणे, इमारती हलक्या व भूकंपरोधक बांधणे, आणि धक्का बसताच न चेंगरता बाहेर पडण्याचा सराव मुलांकडून करवून घेणे, एवढे तरी शासनाने आपले कर्तव्य मानावे. धरणीचा कंप थांबविणे कोणाच्याच हाती नाही. मुलाचे शिक्षण थांबू न देणे मात्र निश्चितच आहे.