गाडीतला ‘गॅस’ जातो कुठे?

उन्हाळ्याची चाहूल लागताच शहरांतील गॅरेजांसमोर ‘एसी गॅस भरून मिळेल’ अशा पाट्या झळकू लागतात. गाडीतील गारवा कमी झाला, की गॅस संपला असे समजायचे, तो भरून घ्यायचा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निश्चिंत व्हायचे, असा बहुतेक वाहनमालकांचा शिरस्ता असतो. पेट्रोल जळून संपते, तसा हा गॅसही वापरून संपत असावा, अशी त्यामागची समजूत असते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. वातानुकूलन यंत्रणेतील गॅस कधीही ‘संपत’ नाही. तो गळतो आणि थेट वातावरणात जातो. म्हणूनच अनेक देशांनी या साध्या वाटणाऱ्या दुरुस्तीला कायद्याच्या चौकटीत बसवले आहे.

बंद वर्तुळातला प्रवास

गॅरेजच्या भाषेत ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात, त्याला शास्त्रीय परिभाषेत ‘प्रशीतक’ अशी संज्ञा आहे. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. पुढे एका अरुंद झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये गाडीतील उष्णता शोषून घेत तो पुन्हा वायुरूप होतो. हे चक्र अखंड चालू राहते. त्यात प्रशीतक जळतही नाही आणि झिजतही नाही.

मग तो कमी का होतो? घरातील फ्रिजचा कॉम्प्रेसर पूर्णपणे सीलबंद असतो आणि त्याच्या नळ्या धातूच्या, जोडकाम केलेल्या असतात. साहजिकच फ्रिज वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो. गाडीतील कॉम्प्रेसर मात्र सामान्यतः इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या दांड्याभोवती सील लागते आणि इंजिनच्या हादऱ्यांमुळे काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. या जागांमधून अनेक वर्षांत थोडी गळती होणे स्वाभाविक आहे. परंतु दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर यंत्रणेत कोठेतरी दोष आहे, हे निश्चित समजावे.

ओझोनपासून तापमानवाढीपर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारींमध्ये ‘आर-१२’ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू वापरला जाई. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले, की हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोचून ओझोनचा नाश करू शकतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विरळ थराची नोंद प्रसिद्ध झाली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत या करारात १९९२ मध्ये सहभागी झाला. केंद्र सरकारने २००० मध्ये ओझोनला घातक पदार्थांविषयीचे नियम जारी केले आणि १ ऑगस्ट २००८ पासून देशातील क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन, काही औषधी वापराचा अपवाद वगळता, थांबले.

आर-१२ ची जागा ‘आर-१३४ए’ या वायूने घेतली. यात क्लोरीन नसल्याने ओझोनला धोका नाही. तथापि, उष्णता धरून ठेवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट मानली जाते. एका गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो पूर्ण सुटला, तर परिणाम सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हा अर्धा किलो गॅस तीनशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा झाला. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर साडेचार हजार किलोमीटर धावेल!

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातील कलम ६०९ खास वाहनांच्या वातानुकूलनासाठी आहे. मोबदला घेऊन ही दुरुस्ती करणारा कारागीर प्रशिक्षित व प्रमाणपत्रधारक असला पाहिजे आणि त्याने मान्यताप्राप्त यंत्रच वापरले पाहिजे, असे बंधन त्यात आहे. आर-१२ सारखे वायू दुरुस्तीच्या वेळी जाणूनबुजून हवेत सोडण्यास १ जुलै १९९२ पासून, तर आर-१३४ए सारख्या पर्यायी वायूंना १५ नोव्हेंबर १९९५ पासून तेथे मनाई आहे. किरकोळ विक्रीच्या लहान डब्यांनाही २०१८ पासून आपोआप बंद होणारी झडप सक्तीची झाली.

युरोपीय संघाने निराळा मार्ग धरला. २००६ च्या निर्देशानुसार, तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १५० पटींहून अधिक असलेला वायू नव्या मोटारींत भरण्यास २०१७ पासून पूर्ण बंदी आली. त्यामुळे तेथील नव्या गाड्यांत मुख्यतः ‘आर-१२३४वायएफ’ हा वायू आला. त्याची तापमानवाढीची क्षमता अत्यल्प असली, तरी तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे आणि महागही. साहजिकच कारागिराच्या प्रशिक्षणाचे महत्त्व आणखी वाढले.

तोच गॅस पुन्हा वापरता येतो

या नियमांचा गाभा एकच आहे : गॅस सोडू नका, काढून घ्या. दुरुस्तीपूर्वी यंत्राच्या साहाय्याने गाडीतील प्रशीतक टाकीत ओढून घेतला जातो. तेच यंत्र त्यातील कॉम्प्रेसरचे तेल, ओलावा आणि शिरलेली हवा वेगळी करते. दुरुस्ती झाल्यावर यंत्रणा निर्वात करून, ती निर्वात टिकते का हे पाहून, शुद्ध केलेला गॅस वजन करून पुन्हा भरला जातो. गॅसमध्ये दुसऱ्याच एखाद्या वायूची भेसळ झाली असेल, तर मात्र गॅरेजमधील यंत्राचा उपयोग होत नाही. असा गॅस शुद्धीकरण केंद्राकडे किंवा नष्ट करण्यासाठी पाठवावा लागतो.

ही भेसळ केवळ पर्यावरणाचा प्रश्न नाही. आर-१३४ए च्या नावाखाली विकल्या गेलेल्या बनावट गॅसमधील मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन २०११ मध्ये काही शीत कंटेनरांचे स्फोट झाले आणि त्यांत कामगारांना प्राण गमवावे लागले होते.

आपल्यापुढील प्रश्न

माँट्रियल करारात २०१६ मध्ये किगाली येथे जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे आर-१३४ए चा संपूर्ण वर्ग नियंत्रणाखाली आला. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार या वायूंचा वापर आपल्याला २०२८ मध्ये गोठवायचा असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. २०१९ च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यातही वाहनांच्या वातानुकूलनाचा विचार आहे आणि दुरुस्ती क्षेत्रातील एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

याचा थेट संबंध वाहनमालकाच्या खिशाशीही आहे. विकसित देशांत आर-१२ चे उत्पादन १९९५ च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा जुन्या गाड्यांची भिस्त साठ्यातल्या आणि परत मिळवलेल्या गॅसवरच राहिली व त्याचे भाव कडाडले. आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांवर उद्या हीच वेळ येऊ शकते. आता हवेत सोडलेला प्रत्येक किलो गॅस पुढे विकत घ्यावा लागणार आहे, तोही चढ्या दराने.

ग्राहकाने काय पाहावे?

कायदा गॅरेजच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. जागरूक ग्राहक त्याआधी पोचू शकतो. गारवा कमी होण्याचे कारण दरवेळी गॅसच असते असे नाही. केबिन फिल्टर किंवा कंडेन्सर धुळीने भरला, तरी हाच परिणाम दिसतो. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. गॅस कमी आढळल्यास गळती कोठे आहे, हे विचारावे. नायट्रोजनचा दाब देऊन, अतिनील प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य वापरून किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने ती शोधता येते. दुरुस्तीपूर्वी उरलेला गॅस यंत्राने काढून घेण्याचा आग्रह धरावा. किती ग्रॅम व कोणता गॅस हवा, याची माहिती बहुधा बॉनेटखालील पट्टीवर दिलेली असते. तेवढाच गॅस वजन करून भरला जातो की अंदाजाने, हेही पाहावे. गरजेपेक्षा जास्त गॅसने गारवा वाढत नाही, उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो. गाडी मोडीत काढतानाही आधी तिच्यातील गॅस काढून घेतला जाईल, याची खातरजमा करावी.

गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. फरक इतकाच, की माठातले पाणी जमिनीत मुरते; हा गॅस मात्र वर्षानुवर्षे हवेत राहतो आणि ज्या उन्हाळ्यापासून सुटका म्हणून आपण एसी लावतो, तो उन्हाळाच अधिक कडक करतो.