बाजारपेठ टेकडीवर नेणारं गाव

नदीकाठची गावं : भाग ६

मागच्या भागात कास्कास्कियाची गोष्ट झाली. मिसिसिपीनं १८८१ मध्ये पात्र बदललं आणि इलिनॉयची पहिली राजधानी बसल्या जागी नदीच्या पल्याड, मिझुरीच्या बाजूला जाऊन पडली. गाव जागचं हललं नव्हतं, नदी हलली होती. आज वरच्या अंगाला, विस्कॉन्सिन राज्यात जाऊ. इथली नदी होती तिथंच आहे, बाजारपेठ मात्र उठून अर्ध्या मैलावर चढावर गेली. सोल्जर्स ग्रोव्ह हे त्या गावाचं नाव. लोकसंख्या सहाशेच्या आत. नदी किकापू.

किकापू मोठी नदी नव्हे. सरळ रेषेत मोजलं तर तिचं खोरं शंभरेक किलोमीटरचं, पण तेवढ्यात ती वळणं घेत घेत सुमारे २०० किलोमीटर वाहते आणि मग विस्कॉन्सिन नदीला मिळते. उन्हाळ्यात लोक छोट्या होड्या घेऊन तिच्यात उतरतात. वाळूच्या खडकांचे कडे, नेचे, सावली. पाहणाऱ्याला वाटेल, इतकी गरीब नदी क्वचितच असेल. तिच्या पुराचं कारण तिच्या पाण्यापेक्षा तिच्या भूगोलात आहे. मध्य-पश्चिम अमेरिकेचा बराचसा भाग हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखा सपाट केला, पण विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येचा हा तुकडा त्यांच्या तावडीतून सुटला. त्यामुळे इथं उभे उतार आणि अरुंद दऱ्या जशाच्या तशा राहिल्या. हिमनद्या मागे ठेवून जातात ती तळी इथं जवळपास नाहीत, म्हणजे पावसाचं पाणी वाटेत कुठं थांबायची सोय नाही. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की काही तासांत सगळं पाणी तळाशी. त्यात एकोणिसाव्या शतकात लाकडासाठी उतार बोडके झाले, त्यावर नांगर फिरले, गुरं चरली. माती वाहून खाली आली आणि पूर आणखी बेभरवशाचे झाले. इथून जवळच्या कून व्हॅलीत अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९३३ मध्ये देशातला पहिला पाणलोट-पातळीवरचा मृदसंधारण प्रकल्प सुरू केला, तो काही उगाच नाही.

गावाच्या नावातले सोल्जर्स १८३२ सालचे. ब्लॅक हॉक या सॉक जमातीच्या नेत्याच्या मागावर असलेल्या फौजेनं इथल्या पाइनच्या राईत मुक्काम केला होता, असं सांगतात. तो पाठलाग पुढे मिसिसिपीच्या काठी बॅड अ‍ॅक्सला संपला. नदी ओलांडून पळू पाहणाऱ्या बायकामुलांवरही तिथं गोळ्या झाडल्या गेल्या. नावात या शेवटाचा मागमूस नाही. नंतर लाकूड कापायची गिरणी आली आणि नदीच्या वळणात गिरणीभोवती वस्ती वाढली. गिरणीला पाणी लागतं, त्यामुळे बाजारपेठ अगदी काठाला लागून बसली. लाकूड संपलं, गिरणीचं महत्त्व गेलं, आजूबाजूला दुधाचा धंदा आणि तंबाखूची शेती आली, पण पेठ तिथंच राहिली. एकदा पेठ बसली की ती कारण संपल्यावरही बसूनच राहते.

१९०७, १९१२, १९१७, १९३५, १९५१. ही गावाच्या मोठ्या पुरांची सालं. दरवेळी दुकानदार चिखल उपसायचे, भिंती धुवायचे, फळ्या बदलायचे आणि पुन्हा दार उघडायचे. १९३५ च्या पुरानंतर वॉशिंग्टनकडे अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. सरकारी उत्तर यायला सत्तावीस वर्षं गेली. १९६२ मध्ये वरच्या अंगाला ला फार्ज इथं धरण मंजूर झालं. लष्कराचं अभियंता दल ते बांधणार होतं. शिवाय सोल्जर्स ग्रोव्हला एकट्या धरणानं पुरेसं संरक्षण मिळत नसल्यामुळे पेठेभोवती वेगळी पूरभिंतही घालायची होती.

आता या लेखातला मुख्य मुद्दा, आणि तो हिशेबाचा आहे. भिंतीचा अंदाजे खर्च ३५ लाख डॉलर. तिच्या आड जी मालमत्ता वाचणार होती तिची किंमत साधारण १० लाख. शिवाय भिंतीची देखभाल गावानं करायची, वर्षाला सुमारे १०,००० डॉलर. गावाच्या एकूण करवसुलीतला मोठा वाटा एका मातीच्या बांधावर गेला असता, तोही कायमचा. पाचसहाशे वस्तीच्या गावाला तेवढं कुठून परवडणार?

इथं एक खुलासा करायला हवा. विस्कॉन्सिनमध्ये ‘व्हिलेज’ हे केवळ लहान वस्तीचं वर्णन नाही, तो कायदेशीर दर्जा आहे. अशा गावाचं निवडून आलेलं मंडळ असतं, त्याला कर बसवता येतो, जमीन घेता येते, बांधकामाचे नियम करता येतात. सोल्जर्स ग्रोव्हच्या हातात पैसा थोडा होता, पण अधिकार बऱ्यापैकी होते. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या अधिकारांच्या जोरावर झाल्या.

दुसरीकडून पूररेषेचे नियम आवळत होते. राज्याच्या कायद्यानुसार गावाला पूरक्षेत्राचे निर्बंध लागू करावे लागले. नदीच्या वाहत्या पट्ट्यातल्या इमारतीची दुरुस्ती तिच्या किमतीच्या निम्म्याच्या वर करायची नाही, असा त्याचा मथितार्थ. नियम शहाणपणाचाच. पण पेठ जवळपास सगळी त्याच पट्ट्यात. जुन्या लाकडी इमारती, पुरानं कुजलेले पाये, आणि धड दुरुस्त करायची मुभा नाही. बँक कर्ज देईना, मुलगा बापाचं दुकान घ्यायला तयार होईना. म्हणजे पूर आला नाही तरी पेठ हळूहळू मरणारच होती. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी विचारलं : ३५ लाख भिंतीवर घालायचे, तर त्याच पैशात पेठच वर का नेऊ नये?

ही कल्पना वेडगळ वाटली, आणि वाटायलाच हवी होती. गाव हलवायचं असेल तर त्यासाठी कुठल्या खात्यात जायचं, याचं उत्तर वॉशिंग्टनमध्ये कुणाकडेच नव्हतं. धरणाला पैसे होते, भिंतीला होते, पूर आल्यावर नुकसानभरपाईला होते. पूर येण्याआधी निघून जाणाऱ्याला देण्यासाठी रकाना नव्हता. गावचं साप्ताहिक ‘किकापू स्काउट’ चालवणारे विल्यम बेकर यांनी हा विषय लावून धरला. टॉम हर्श यांनी स्थलांतराचं समन्वयक म्हणून काम अंगावर घेतलं. जुन्या दुकानदारांना पटवणं, आराखडे काढणं, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कागद फिरवणं, हे सगळं काही वर्षं चाललं. बेकर पुढे केंद्राच्या ऊर्जा खात्यात गेले.

मधल्या काळात ला फार्जचं धरणही बारगळलं. १९७१ मध्ये काम सुरू झालं होतं. जमिनी घेतल्या गेल्या, दीडशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं उठली. मग जलाशयाचं पाणी शेवाळून खराब होईल, खर्च वाढत चाललाय, निसर्ग जाईल, अशा हरकती आल्या आणि १९७५ मध्ये काम थांबलं ते थांबलंच. पाणी घेण्यासाठी उभारलेला काँक्रीटचा उंच मनोरा तिथं अजून उभा आहे, त्याच्या पायाशी जलाशय कधी आलाच नाही. उठलेल्या कुटुंबांना जमिनी परत मिळाल्या नाहीत. साडेआठ हजार एकरांच्या आसपास असलेला तो पट्टा आज किकापू व्हॅली रिझर्व्ह म्हणून ओळखला जातो, आणि राज्य व हो-चंक नेशन मिळून त्याची व्यवस्था पाहतात. हो-चंक लोकांची ही मूळ भूमी, त्यामुळे त्यांच्या वाट्याला थोडं तरी परत आलं. शेतकऱ्यांच्या वाट्याला काय आलं, हे त्या खोऱ्यात आजही जरा जपूनच विचारावं लागतं.

सोल्जर्स ग्रोव्हनं एक धाडस केलं. कुणाचं पक्कं आश्वासन हातात नसताना गावानं आपल्या खिशातून सुमारे ९०,००० डॉलर घालून हायवे ६१ लगत, उंचावर १९० एकर जमीन विकत घेतली. मग जुलै १९७८ मध्ये किकापू पुन्हा पेठेत शिरली. नुकसान पाच लाख डॉलरच्या वर. आता मात्र सरकारला दुर्लक्ष करता येईना. गावानं हात जोडून मदत मागितली नाही, आराखडा आणि सातबारा, दोन्ही पुढ्यात ठेवले. केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यानं पहिला मोठा हप्ता दिला, नऊ लाखांचा. पुढे इतर खात्यांचे पैसे जमत गेले. सगळ्या स्थलांतराचा खर्च शेवटी ६० लाख डॉलरच्या घरात गेला आणि काम १९८३ पर्यंत चाललं. म्हणजे पेठ हलवणं भिंतीपेक्षा स्वस्त पडलं, असं जे कौतुकानं लिहिलं जातं ते सरळ सरळ खरं नाही. ते महागच पडलं. फरक एवढाच की ३५ लाखांत फक्त भिंत मिळाली असती, आणि तिच्या आड त्याच कुजक्या इमारती.

पेठ नव्यानं बांधायचीच आहे तर ती कशी बांधायची? काळ १९७० च्या दशकाचा होता, तेलाचे भाव भडकले होते, विस्कॉन्सिनचा हिवाळा उणे वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. दुकानदाराच्या खर्चात इंधनाचं बिल हाच मोठा आकडा. गाव मंडळानं नियम केला की नव्या पेठेतल्या प्रत्येक व्यापारी इमारतीला लागणाऱ्या उष्णतेपैकी निम्मी तरी सूर्याकडून आली पाहिजे. असा नियम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं गाव. शेजाऱ्याच्या छपरावर येणारं ऊन आपल्या इमारतीनं किंवा झाडानं अडवायचं नाही, असंही ठरलं.

हे वाचून छपरावर निळ्या काचेच्या वीज-पॅनलांच्या रांगा डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा ते परवडणारं नव्हतंच. हॉकवीड ग्रुप या वास्तुरचनाकारांनी योजलेली युक्ती फार साधी होती. इमारतीवर मोठा उतरता माळा. त्याची दक्षिणेकडची बाजू कौलांऐवजी पारदर्शक पत्र्यांची, आतून सगळं काळं रंगवलेलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्याचे किरण तिरपे येऊन थेट माळ्यात शिरतात. काळा रंग तापतो, हवा तापते, गरम हवा आढ्याला जाऊन जमते. तिथून पंखा ती खेचतो आणि नळीवाटे खाली दुकानात सोडतो. एवढंच. उत्तरेकडच्या भिंतीला खिडक्या कमी, कुठं कुठं मातीची भर टेकवलेली, भिंतीत उष्णतारोधक थर जाड. बाहेर बर्फ असताना कुणी त्या माळ्यात चढला तर अंगातला कोट काढावा लागेल, अशी ती जागा. आत फिरणारा भाग म्हणायचा तर एक पंखा, बिघडलाच तर गावातल्या इलेक्ट्रिशियननं दुरुस्त करावा इतका सोपा. वाणसामानाचं सुपरमार्केट, औषधांचं दुकान, पेट्रोल पंप, दवाखाना असं करत वीसेक इमारती या पद्धतीनं उभ्या राहिल्या. औषधांच्या दुकानाच्या नावातही ‘सोलर टाउन’ आलं.

पर्यावरणवाद्यांनी या गावाला नंतर डोक्यावर घेतलं, पण दुकानदारांनी सौरऊर्जा तत्त्व म्हणून स्वीकारली होती असं मला वाटत नाही. सूर्याचं बिल येत नाही, हा त्यांना पटलेला युक्तिवाद. माझ्या मते त्यामुळेच ते टिकलं.

जुन्या पेठेचं काय झालं? इमारती पाडल्या आणि तिथं बाग केली. खेळाची मैदानं, तंबू ठोकायच्या जागा, नदीत होडी सोडायची सोय. बागेला बोफोर्ड टी. अँडरसन यांचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावावर जपानी हल्ला आला, तेव्हा या सार्जंटनं आपल्या माणसांना आडोशाला पाठवलं. हातबाँब संपल्यावर त्यांनी उखळी तोफेचे गोळे हातात घेतले, पिन उपसून खडकावर आपटले आणि फेकले. त्यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. फौजेच्या मुक्कामावरून नाव पडलेल्या गावानं दुसरं कुणाचं नाव दिलं असतं तरच नवल. पूर आजही या बागेत येतो. गवत बुडतं, बाक चिखलानं माखतात, पाणी ओसरल्यावर नळीनं धुऊन टाकतात. कुणाचा गल्ला वाहून जात नाही.

२००७ च्या ऑगस्टमध्ये आणि लगेच २००८ च्या जूनमध्ये किकापूला मोठे पूर आले. नवी पेठ कोरडी राहिली. खालच्या अंगाला सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं गेज मिल्स दोन्ही वेळा बुडालं, दुसऱ्यांदा तर पहिला चिखल पुरता निघालाही नव्हता. मग त्यांनीही उंचावर नवी वस्ती बांधायला घेतली, सोल्जर्स ग्रोव्हनंतर तीस वर्षांनी. पण सोल्जर्स ग्रोव्ह सगळंच्या सगळं वाचलं असं नाही. १९७८ नंतर हलली ती मुख्यतः पेठ आणि काही घरं. सखल भागात राहिलेल्या घरांत पाणी शिरतच राहिलं, २०१८ च्या ऑगस्टमध्येही. दुकानाला स्थलांतराचा हिशेब मांडता येतो. घरात म्हातारं माणूस असतं, मागं परस असतं, कर्ज फिटलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. जुन्या मुख्य रस्त्यावर दुकानं एकमेकांना खेटून होती. टपाल घेता घेता न्हाव्याकडे डोकावता यायचं. नवी पेठ हायवेलगत ऐसपैस पसरलेली, दुकानांपुढे गाड्या लावायची जागा, मधे हिरवळ. पायी हिंडणारं माणूस कमी. ऊन अडू नये म्हणून इमारती लांब लांब ठेवाव्या लागल्या, त्याचाही हा परिणाम. दुधाचे छोटे गोठे बंद पडत गेले. उत्तरेला व्हिरोक्वाला आणि दक्षिणेला प्रेअरी दु शीनला मोठी दुकानं आली, लोक गाडी काढून तिकडे जाऊ लागले. पेठ वर गेली म्हणून लोकसंख्या वाढली नाही. नदीनं जे नेलं असतं ते वाचलं, हायवेनं जे नेलं ते कुणाला अडवता आलं नाही. तरी व्हिरोक्वा आणि ला फार्जच्या बाजूला सेंद्रिय शेती करणारी तरुण कुटुंबं येत राहिली. १९८८ मध्ये ला फार्जलाच सुरू झालेली शेतकऱ्यांची सहकारी संस्था, ‘ऑरगॅनिक व्हॅली’ या नावानं दूध विकणारी, आज देशभर पोचली आहे.

सोल्जर्स ग्रोव्हनंतर पंधरा वर्षांनी, १९९३ च्या महापुरात मिसिसिपीनं इलिनॉयमधलं वाल्मेयर बुडवलं. त्या गावापुढे तर बांध होता, आणि तो फुटला. तिथल्या लोकांनी पेठेबरोबर घरं, शाळा, चर्च, सगळंच वरच्या कड्यावर नेलं. पुढच्या आठवड्यात तिथं.